कुकी अदलाबदली: आधी हिशोब, मग ओव्हन

कुकी अदलाबदलीची पार्टी म्हणजे प्रत्येकाने घरी एकाच प्रकारच्या भरपूर कुकीज करायच्या, एका घरी जमायचं आणि जाताना प्रत्येकाच्या डब्यात सगळ्यांच्या थोड्या थोड्या. सांगायला एवढंच. पण हा बेत फसतो तो सहसा चवीमुळे नाही. कुणाच्या कुकीज कमी पडतात, कुणाच्या तळहाताएवढ्या तर कुणाच्या बटणाएवढ्या असतात, आणि दोन-तीन दिवसांनी डबा उघडावा तर सगळे प्रकार सारखेच मऊ पडलेले. ओव्हनमधून काढल्या काढल्या अप्रतिम लागणारी कुकी इथे कामाची असेलच असं नाही. ती खाल्ली जाणार दोन-तीन दिवसांनी, दुसऱ्याच्या घरी, बाकीच्या प्रकारांशेजारी राहून आल्यावर. प्रकार निवडण्यापासून डबा भरण्यापर्यंत आम्ही सगळं यावरूनच ठरवतो.

आठ जण हा सगळ्यात सोयीचा आकडा. प्रत्येकाला प्रत्येक प्रकारच्या सहा म्हटलं की करायच्या ४८. यात करणाऱ्याच्या स्वतःच्या सहाही आल्या, त्यामुळे सगळे सारखाच डबा घेऊन जातात. चव बघायला चार, अर्ध्या केल्या की आठांना पुरतात. तुटणाऱ्या, करपणाऱ्या आणि घरातली मंडळी येता-जाता उचलतात त्या धरून आणखी सहा-आठ. म्हणजे ६० करायच्या असं धरून चालायचं. ४८ हा आकडा भाग जाण्यासाठीही चांगला आहे: सहा जण असतील तर आठ-आठ, बारा असतील तर चार-चार. आदल्या रात्री कुणी तापाने आडवं झालं आणि सातच उरले, तर सात-सात घ्यायच्या. ४९ लागतात, ती वरची एक जादाच्यांतून निघते. कुणालाही पुन्हा ओव्हन लावावा लागत नाही. बारापेक्षा जास्त माणसं मात्र जमवू नयेत. तीन-तीन कुकीजसाठी सोळा डब्यांभोवती फिरणं म्हणजे नुसती गर्दी.

आकाराचं मात्र कागदावर लिहूनच ठरवावं. ‘मध्यम आकार’ या शब्दाचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. आम्ही कच्च्या गोळ्याचं वजन सांगतो: १५ ते २५ ग्रॅम. नेहमीच्या चोको चिप कुकीचं माप घ्या. मैदा २८० ग्रॅम, बटर २२५, पांढरी साखर १५०, ब्राउन शुगर १६५, दोन अंडी, चोको चिप्स ३४०, खायचा सोडा एक छोटा चमचा, मीठ पाऊण चमचा, थोडा व्हॅनिला. डो होतो साधारण सव्वा किलो. २० ग्रॅमचे गोळे केले तर साठाच्या थोडे वर निघतात, म्हणजे एका घाण्यात काम संपतं. तेच गोळे ३५ ग्रॅमचे केले तर पस्तिशीतच डो संपतो आणि रात्री साडेदहाला पुन्हा मैदा चाळायची वेळ येते. कॅफेतल्यासारखी ६५ ग्रॅमची कुकी केली तर जेमतेम एकोणीस. कृतीखाली लिहिलेल्या ‘इतक्या कुकीज होतील’ या आकड्यावर विसंबू नये. डोचं एकूण वजन करावं, २० ने भागावं, आलेला आकडा खरा.

मापं कपात नको, ग्रॅममध्येच. कप पिठात खुपसून भरला की त्यात १५० ग्रॅम मैदा बसतो, चमच्याने हलकेच भरला तर १२० च्या आसपास. दोन-अडीच कपांच्या कृतीत हा फरक ६०-७० ग्रॅमवर जातो. कुकी न पसरता गोळ्यासारखीच भाजली जाते, आतून कोरडी लागते, आणि दोष उगाच ओव्हनवर जातो.

आता प्रकार कोणता निवडायचा. आमची कसोटी एकच: चार कुकीज आधी करून बघायच्या, पूर्ण गार झाल्यावर बंद डब्यात ठेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी खायच्या. त्या दिवशी आवडल्या तर घ्या. या कसोटीला सगळ्यात सहज उतरते ती शॉर्टब्रेड. प्रमाण वजनाने एकास दोनास तीन: साखर १५० ग्रॅम, बटर ३००, मैदा ४५०, चिमूटभर मीठ. डो बरोबर ९०० ग्रॅम, १५ ग्रॅमच्या साठ कुकीज. ४ सेंटिमीटर जाडीच्या लांबट वळ्या करून बटर पेपरमध्ये गुंडाळायच्या, तासभर फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या कापायच्या. चकतीचं वजन आपोआप पंधराच्या आसपास भरतं. १६० अंशांवर वीस-बावीस मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत. अंडं नाही, सोडा नाही, त्यामुळे फुगत नाही, पसरत नाही, प्रवासात तुटत नाही. हवाबंद डब्यात दोन आठवडे कुरकुरीत राहते, आणि दुसऱ्या दिवशी बटरची चव जास्तच खुलते. पहिल्यांदा भाग घेणाऱ्याने हीच करावी, असं आम्ही बिनदिक्कत सांगतो.

ओट-मनुक्याची, आल्याची, पीनट बटरची, दोनदा भाजलेली बिस्कॉटी, या सगळ्या टिकतात. मध्ये जॅम भरलेली कुकी दिसते सुंदर, पण जॅममधलं पाणी हळूहळू कुकीत मुरतं. खळगा करून कुकी आधी निम्मी भाजावी, मग जॅम भरून उरलेली भाजावी. जॅम आटून त्यावर पातळ साय धरली की तो बोटाला चिकटत नाही. पिठीसाखरेत घोळवलेल्या, वरून भेगा पडणाऱ्या चॉकलेट कुकीची पांढरी साखर बऱ्याचदा डोचा ओलावा शोषून गायब होते. गोळा आधी जाड्या साखरेत घोळवून मग पिठीसाखरेत घोळवला की पांढरेपणा टिकतो. मेरँगच्या (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून भाजलेल्या कुकीजच्या) वाटेला दमट हवेत जाऊच नये. तासाभरात चिकट होतात. ताजं क्रीम, कस्टर्ड, क्रीम चीजचं आयसिंग, ताज्या फळाचे काप हे सरळ बाद. हे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नसतात, आणि अदलाबदलीचा डबा तर त्या दिवशी पाच-सहा तास फिरतो.

चॉकलेटमध्ये बुडवलेल्या कुकीजचं एक वेगळंच दुखणं असतं. चॉकलेट नुसतं वितळवून लावलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर राखाडी पट्टे उठतात. खायला काही धोका नाही, पण जुनाट दिसतं. कारण कोको बटर चुकीच्या रीतीने गोठतं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, त्यात न वितळवलेले तुकडे टाकून ढवळत ३१-३२ अंशांवर आणावं आणि त्याच तापमानाला वापरावं. तेवढा खटाटोप नको असेल तर कंपाउंड चॉकलेट, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप घातलेलं, वापरावं; चवीत थोडं डावं, पण पट्टे उठत नाहीत आणि हाताला लागत नाही.

दोघांनी एकच प्रकार आणला तर मजा जाते, म्हणून ग्रुपवर यादी फिरवायची आणि जो आधी लिहील त्याचा तो प्रकार. आठांत चॉकलेटचे तीनपेक्षा जास्त नकोत, आणि कुरकुरीत व मऊ निम्मे-निम्मे असले तर उत्तम. यादीत प्रत्येकाने घटकही लिहायचे. इथे संकोच नको. शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, अंडं, दूध, गहू, सोया, तीळ यांपैकी कुणाला काय चालत नाही हे निमंत्रणासोबतच विचारावं, पार्टीच्या दिवशी नाही. कुणाला दाण्यांची किंवा सुक्यामेव्याची तीव्र ॲलर्जी असेल तर त्या वेळची पूर्ण पार्टीच त्याविना करावी. ‘माझ्या कुकीत दाणे नाहीत’ एवढ्याने भागत नाही, कारण तोच मिक्सर, तोच ट्रे, तोच डबा आधी दाण्यांना लागलेला असू शकतो. अंडं न खाणारे असतील तर निदान दोन-तीन प्रकार बिनअंड्याचे ठरवून घ्यावेत, नाहीतर त्यांचा डबा अर्धा रिकामा जातो. विकतच्या कुकीज आणायच्या नाहीत हेही आधीच स्पष्ट करावं. ज्याला करायला जमणार नाही त्याने खारे पदार्थ आणि पेयं सांभाळावीत. जादाच्या कुकीजमधून त्याचा छोटा डबा सहज भरतो.

निमंत्रण चार आठवडे आधी, यादी दोन आठवडे आधी पक्की, चाचणीच्या चार कुकीज त्या आठवड्यात. चोको चिपसारखा डो पार्टीच्या दोन-तीन दिवस आधी मळून झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. २४ ते ७२ तासांत मैदा ओलावा नीट शोषून घेतो, कुकी कमी पसरते, रंग आणि चव गडद होते. गोळे मात्र डो मऊ असतानाच करून ठेवावेत. दोन दिवस गारठलेला डो चमच्याला दाद देत नाही. हेच गोळे डीप फ्रीजमध्ये तीन महिने टिकतात. भाजताना वितळवायचे नाहीत, तसेच ट्रेवर ठेवून मिनिट-दोन मिनिटं जास्त भाजायचे. आणि कच्चा डो चाटायचा मोह आवरावा. अंडं नसलं तरी कच्चा मैदा असतोच, आणि तोही निर्जंतुक नसतो.

भाजायचा दिवस पार्टीच्या आदला. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेवर २० ग्रॅमचे १२ गोळे, मध्ये पाच सेंटिमीटर अंतर. साठ कुकीज म्हणजे पाच ट्रे. १८० अंशांवर गार गोळ्याला दहा-अकरा मिनिटं, पंखा चालू असलेल्या ओव्हनमध्ये तापमान १५-२० अंशांनी कमी. एका वेळी एकच ट्रे मधल्या खणात ठेवला तर रंग सारखा येतो. तरी मागचा कोपरा जास्त तापतो, म्हणून निम्म्या वेळेला ट्रे फिरवायचा. तासाभराचं काम आहे, पण सगळं बिघडतं ते दुसऱ्या ट्रेपासून. गरम ट्रेवर पुढचे गोळे ठेवले की बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळायला लागतं, आणि अंडं-मैदा घट्ट व्हायच्या आत कुकी पसरून पापडासारखी होते. दोन ट्रे आलटून-पालटून वापरावेत, किंवा ट्रे उलटा धरून पाठीवर गार पाणी सोडावं आणि पुसावा. ट्रेला बटर चोपडणंही टाळावं, त्यानेही पसरतं. बटर पेपर पुरे.

पहिलाच ट्रे पसरला तर घाबरून उरलेल्या डोमध्ये भसाभस मैदा घालू नये. आधी गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून तीन भाजून बघावेत. बहुतेक वेळा बटर फार मऊ होतं एवढंच कारण असतं. साखरेबरोबर फेटताना बटर १८ ते २० अंशांचं हवं: बोट दाबलं की खळगा पडेल, पण बोट आत घुसणार नाही. चकाकायला लागलं म्हणजे पुढे गेलं. गारठवूनही पसरलं तर चमचा-दोन चमचे मैदा घालावा. उलट कुकी अजिबात पसरत नसेल तर मैदा जास्त झालाय. निम्मा वेळ झाल्यावर ग्लासच्या बुडाने हलकेच दाबावी, आकार तरी मिळतो. आतून कच्ची आणि बाहेरून काळी होत असेल तर ओव्हनच्या बटणावरचा आकडा खोटा आहे असं समजावं. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर यासाठी घेऊन ठेवावा. वीस-तीस अंशांचा फरक घरगुती ओव्हनमध्ये नवलाचा नाही.

मऊ कुकी आपल्यापुरती करताना मधला भाग ओलसर असतानाच काढतात. अदलाबदलीसाठी एक मिनिट जास्त द्यावं. मध्ये फार ओली राहिली तर थरात ठेवल्यावर वाकते, खालच्या कुकीला चिकटते. काढल्यावर दोन-तीन मिनिटं ट्रेवरच, मग उलथन्याने जाळीवर, आणि जाळीवर निदान तासभर. ही तासाभराची वाट सगळ्यात जास्त लोक चुकवतात. तळहातावर ठेवून कोमट लागली तरी ती गार नाही. आतली वाफ डब्यात कोंडते, झाकणाला आतून थेंब धरतात आणि सकाळी कुरकुरीत कुकीज नरम. रॉयल आयसिंगची (पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्या भागाचा, वाळून कडक होणारा थर दिलेली) कुकी तर पार्टीच्या दोन दिवस आधीच करावी लागते. वरून वाळल्यासारखं दिसलं तरी आत ओलं असतं, रात्रभर उघडं ठेवल्याशिवाय एकावर एक रचता येत नाही.

डबा पसरट आणि उथळ घ्यावा. तीन थर, फार तर चार, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर. जड आणि टणक खाली, नाजूक वर. कडेला फट राहिली तर बटर पेपरचा बोळा कोंबावा. कुकी तुटते ती दाबून नव्हे, डब्यात इकडून तिकडे आपटून. डबा भरून हलवून बघावा, आवाज आला तर अजून जागा आहे. सहा-सहाची पाकिटं घरूनच करून आणावीत की मोकळ्या आणाव्यात, यावर ग्रुपवर हमखास वाद होतो. आमचं मत: दाणे किंवा सुकामेवा असलेल्या, आणि आल्या-पुदिन्यासारख्या तीव्र वासाच्या, पाकिटात, बाकीच्या मोकळ्या. सगळंच पाकिटात आणलं तर नुसतं पुडे वाटल्यासारखं होतं, माणसं एकमेकांच्या कुकीकडे बघतही नाहीत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: कुकीचं नाव, करणाऱ्याचं नाव, भाजल्याची तारीख, घटक, आणि किती दिवसांत संपवायची. कृती हवी असणारे मागतातच, म्हणून तिचा फोटो आधीच ग्रुपवर टाकावा.

यजमानाचं काम प्रत्यक्षात सोपं आहे. एक लांब टेबल भिंतीपासून सुटं, फिरायची दिशा एकच, प्रत्येक डब्याला स्वतंत्र चिमटा आणि समोर मोठ्या अक्षरात आकडा: ‘प्रत्येकी ६’. दाण्यांचे डबे सगळ्यात शेवटी, म्हणजे चिमट्याबरोबर चुरा पुढे जात नाही. येणाऱ्यांनी दोन रिकामे डबे आणायचे, एक कुरकुरीत प्रकारांसाठी, एक मऊसाठी. कुणी ना कुणी डबा विसरतंच, तेव्हा चार-पाच जादा आणि बटर पेपरचं भेंडोळं जवळ असावं.

आधी अदलाबदल, मग चव. हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो आणि तिथेच कुरबुर होते. आधी चाखायला दिलं की माणसं आवडीच्या प्रकारावर तुटून पडतात, कुणाच्या तरी बावीस कुकीज टेबलावर तशाच राहतात, आणि त्या बिचारीला त्या परत घेऊन जाव्या लागतात. आधी सगळ्यांनी सगळ्यांच्या सहा-सहा घ्यायच्या, पंधरा मिनिटांत टेबल रिकामं, झाकणं बंद. मग निवांत बसून अर्ध्या केलेल्या कुकीज चाखायच्या: साध्या बटरच्या आधी, मग दाण्यांच्या, मग जॅमच्या, चॉकलेट नंतर, आलं आणि पुदिना शेवटी. उलट क्रमाने गेलं तर शॉर्टब्रेड नुसता भुसा लागते. मते टाकून पहिला नंबर काढायच्या भानगडीत पडू नये. साठ कुकीज करून आलेल्या माणसाला आठवा नंबर सांगण्यात काय हशील?

चार प्रकार चाखल्यावर जीभ गोडाने थकते. बरोबर खारं हवंच: चीज, खारी बिस्किटं, काकडी-गाजराचे काप, आणि बिनसाखरेचा चहा-कॉफी. पाणी भरपूर. एकूण दोन तास पुरतात. त्यापुढे बसायचं असेल तर जेवणाची सोय वेगळी बघावी, कुकीजवर भूक भागत नाही.

घरी पोचल्यावर डबा आहे तसा कपाटात टाकू नये. एकत्र ठेवलेल्या कुकीजमध्ये ओलावा मऊकडून कुरकुरीतकडे जातो, दोन्ही मध्येच कुठेतरी येऊन थांबतात. कुरकुरीत वेगळ्या, मऊ वेगळ्या, आल्याच्या आणि पुदिन्याच्या तर पूर्ण वेगळ्या डब्यात. मऊ कुकीज कडक व्हायला लागल्या तर त्यांच्या डब्यात ब्रेडचा एक काप ठेवावा. तो सुकतो, कुकी मऊ राहते. नरम पडलेल्या कुरकुरीत कुकीज १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून जाळीवर गार कराव्यात. आयसिंगच्या आणि चॉकलेटच्या सोडून. ४८ कुकीज आठवड्यात संपणार नसतील तर निम्म्या त्याच दिवशी झिपच्या पिशवीत, हवा काढून, डीप फ्रीजमध्ये. पुढे काढताना पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं, कुकीवर नाही.